दगडाची जहागीर

सगळं बंदर त्यांना जहागीरदार म्हणायचं, आणि हे नाव काही मानाने पडलेलं नव्हतं. सरकारी लाँच चालवणाऱ्या या गृहस्थांकडे भाड्याच्या दोन खोल्या, सतत खोकणारी बायको, एकुलता एक मुलगा आणि घडोघडी साखळी पडणारी सायकल, एवढाच काय तो पसारा. पण त्या बेटावर दर महिन्याला पाय ठेवून येणारे सबंध देशात ते एकटे. ज्या बेटाचं गाणं शाळेत पोरांकडून घोकून घेतलं जायचं, ज्याचा विषय निघाला की मंत्र्यांचा आवाज आपोआप जड व्हायचा, ते बेट डोळ्यांनी पाहिलेला हा माणूस लिलाव संपल्यावर उरलीसुरली मासळी स्वस्तात मिळते का, ते बघत फिरायचा.

आणि बेट तरी कसलं? भरतीच्या वेळी दोन म्हशी कशाबशा बसतील एवढा खडक. तिसरी आली तर आधीच्यांपैकी एकीला उठावं लागेल. प्यायला पाणी नाही, मूठभर माती नाही, गवताचं पातं नाही. होती ती पक्ष्यांची विष्ठा, आणि ती मात्र देशाला पुरून उरेल इतकी. लाँचवरचा खलाशी त्या खडकावर उतरायला सपशेल नकार द्यायचा. जहागीरदार घरी आल्यावर मुलाला सांगायचे, की राष्ट्राच्या अभिमानावर जपून पाय ठेवावा लागतो, नाहीतर माणूस पार्श्वभागावर आपटतो. मुलगा हसून हसून लोळायचा आणि पुन्हा सांगा म्हणायचा.

या खडकावर दोन देशांचा दावा होता. जहागीरदारांचं काम सोपं होतं. जायचं, काठीवरचा पलीकडच्यांचा झेंडा उतरवायचा, आपला चढवायचा आणि यायचं. पंधरवड्याने पलीकडची लाँच यायची आणि नेमकं उलट करून जायची. शत्रूचा झेंडा हटवला, असं दर वेळी कचेरीत कळवायचं. तिकडेही तेच कळवलं जात असणार. एका वाकड्या काठीवर दोन्ही देश महिन्याला एकेक लढाई जिंकत होते आणि कुणाच्या नखालाही धक्का लागत नव्हता. राज्यकारभारात इतकी अक्कल सहसा सापडत नाही, आणि इथेही ती राज्यकर्त्यांनी दाखवलेली नव्हतीच.

सुरुवातीला उतरवलेला झेंडा समुद्रात भिरकावला जायचा. मग एकदा जहागीरदारांना आपला झेंडा नीट घडी करून दगडाखाली ठेवलेला सापडला. पलीकडच्या लाँचवाल्याला तो फेकवला नसावा. पुढच्या खेपेला यांनी मासळीच्या धंद्यातलं एक निळं पिंप नेलं, झाकण घट्ट बसणारं, आणि ते खडकाच्या कपारीत पक्कं बसवलं. तेव्हापासून उतरवलेला झेंडा घडी होऊन पिंपात जाऊ लागला. ज्याचा त्याला परत. हळूहळू झेंड्याबरोबर गळाचे आकडे, तंबाखूची पुडी, एकदा तर गुडघ्याला चोळायचं मलमही मिळू लागलं. दोघांची समोरासमोर गाठ पडली ती एकदाच, पलीकडच्या लाँचचं इंजिन बंद पडलं तेव्हा. एकाची भाषा दुसऱ्याला कळेना. म्हणून दोघांनी आपापल्या साहेबाची नक्कल करून दाखवली आणि पोट धरून हसले.

मुलगा मोठा झाला आणि नौदलात लागला. त्याला बेटाशी काही देणंघेणं नव्हतं. इंजिनात त्याचा हात चांगला होता आणि गावातला कारखाना बंद पडलेला. रसद वाहणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत त्याची नेमणूक झाली, तेव्हा जहागीरदारांनी बायकोची समजूत घातली, की तोफांच्या जहाजावर नाही ना, डाळतांदूळ वाहायच्या जहाजावर आहे, मग कसली काळजी.

त्या वर्षी पाव महागला. गोदीतल्या कामगारांनी काम बंद पाडलं, राजधानीत मोर्चे निघाले, सरकारच्या पायाखालची वाळू सरकू लागली. अशा वेळी सरकारांना लांबची बेटं आठवतात. राजधानीतून एक नवे साहेब आले, कॅमेरावाल्याला घेऊन लाँचवर चढले आणि बंदर दिसेनासं व्हायच्या आत कठड्यावरून वाकून ओकू लागले. खडकावर त्यांना अक्षरशः बखोट धरून उतरवावं लागलं.

जहागीरदारांनी नेहमीप्रमाणे पलीकडच्यांचा झेंडा उतरवला आणि आपला काढायला पिंपाकडे वळले. हे काय, म्हणून साहेबांनी विचारलं. आणि इथे जहागीरदारांनी त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मूर्खपणा केला. इतक्या वर्षांत आपलं काम बघायला कुणीतरी आलं, या विचाराने त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पिंप उघडून त्यांनी झेंडा कॅमेऱ्यासमोर धरला. बघा म्हणाले, इस्त्री केल्यासारखी घडी आहे, एक सुरकुती नाही. घडी शत्रूने घातलीय, हेही त्यांनी कौतुकाने सांगून टाकलं.

संध्याकाळी टीव्हीवर घडीचं कौतुक कुठेच नव्हतं. शत्रूने राष्ट्राचा झेंडा मासळीच्या पिंपात कोंबला, एवढंच होतं, आणि तेच तेच पुन्हा पुन्हा दाखवत होते. मग देशाचं जे काही झालं, ते बघून जहागीरदारांनी कपाळाला हात लावला. चौकाचौकात निळी पिंपं जाळली गेली. ज्यांच्याकडे पाणी साठवायलाही पिंप नव्हतं, त्यांनी ते विकत आणून जाळलं. ज्याला पोहता येत नव्हतं असा प्रत्येक जण समुद्रावर स्वारी करायला निघाला. शेजारचा बेकरीवाला, ज्याच्या दुकानावर पंधरा दिवसांपूर्वी पावाच्या भावावरून लोकांनी दगड मारले होते, तो आता तोच महागडा पाव झेंडा छापलेल्या कागदात गुंडाळून विकत होता आणि लोक रांग लावून नेत होते. गोदीतला संप कधी मिटला, ते कुणाला कळलंसुद्धा नाही. पलीकडच्या देशातही हेच चाललं असणार. मूर्खपणाला व्हिसा लागत नाही.

जहाजं निघाली आणि त्यांच्यामागून रसदीचं जहाजही निघालं. त्यावर मुलगा होता. जहागीरदारांच्या बायकोने जेवण सोडलं. खरं काय ते सांगून टाकलं की हा तमाशा थांबेल, अशी जहागीरदारांची भाबडी समजूत होती, म्हणून ते ठेवणीतला सदरा घालून साहेबांच्या कचेरीत गेले.

"साहेब, ते पिंप माझं आहे," ते म्हणाले. "झेंडा भिजू नये म्हणून मीच नेऊन ठेवलंय. अपमान कुणी केलेलाच नाही."

साहेबांनी दार लावून घेतलं आणि चहा मागवला. "काका, ते आम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे?"

"वरपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. पिंप निमित्त आहे."

मग साहेबांनी, लहान मुलाला पाढे शिकवावेत तसं, सगळं समजावून सांगितलं. बेट कुणाला हवंय. हवंय ते बेटाभोवतीचं पाणी. खडक ज्याचा, त्याच्या चहूबाजूंचा समुद्र त्याचा, त्यातली मासळी त्याची, तळाखाली तेल असेल तर तेही त्याचं. तेल आहे का, असं जहागीरदारांनी विचारलं. असू शकतं, साहेब म्हणाले. एवढ्या खोलातून ते काढणार कोण? ते पुढचं पुढे बघू. आणि खरी अडचण वेगळीच होती. आज खडक सोडला, तर उद्या समोरचे आणखी काही मागतील. समोरच्यांनाही आपल्याबद्दल हेच वाटतं का, यावर साहेबांनी मान डोलावली. हुबेहूब हेच वाटतं.

"मग दोघांनी बसून एकमेकांना सांगून टाकावं ना तसं."

"आधी कोण सांगणार, काका? जो आधी सांगेल तो घरी बसेल."

"माझा मुलगा आहे साहेब त्या जहाजांवर."

"मग तर तुम्हाला अभिमान वाटायला हवा," साहेब म्हणाले आणि त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. चहा अजून आलाही नव्हता.

जहागीरदार जिना उतरताना स्वतःशीच शिव्या देत होते. एवढी शिकलेली माणसं, एवढाले पगार, भिंतीएवढाले नकाशे, आणि सगळ्याचं सार काय, तर उकिरडा मला नको, पण तो त्या कोंबड्यालाही मिळता कामा नये. यासाठी त्यांचं पोर पाण्यावर होतं. त्यांना इतका संताप आला, की सायकलची साखळी बसवताना बोट चिरलं, तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

युद्ध फार चाललं नाही. दोन्हीकडची काही जहाजं बुडाली, काही माणसं गेली. रसदीच्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तेव्हा खडक तिथून दिसतही नव्हता. इंजिनखोलीतून जे थोडे जिवंत निघाले, त्यांत मुलगा होता. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मग तिसऱ्याच एका देशाच्या मध्यस्थीने दोन्ही सरकारं एका लांबलचक टेबलाशी बसली आणि त्यांनी ठरवलं, की खडकावर तूर्त कुणीच जायचं नाही. दोन्ही राजधान्यांत विजयाच्या मिरवणुका निघाल्या. जहागीरदारांची लाँच धक्क्याला बांधून ठेवली गेली आणि त्यांना गोदामाच्या फाटकावर बसवलं.

मुलगा घरी आला. पुढच्या खोलीत त्याच्यासाठी लोखंडी खाट टाकली. मिळालेलं पदक आईने कपाटात नेऊन ठेवलं. तो दिवसभर पडून राहायचा. समोर ठेवलेलं ताट तसंच परत जायचं. जहागीरदार स्वयंपाकघरात बायकोपाशी मंत्र्यांचा, साहेबांचा, पिंपं जाळणाऱ्यांचा उद्धार करायचे, आणि दार उघडं आहे हे लक्षात आलं की गप्प व्हायचे.

एके दिवशी दुपारी ते खाटेवरची चादर बदलत होते. मुलगा भिंतीकडे बघत होता.

"बाबा, तुम्ही लहानपणी सांगायचात, ते बेट खरंच तसलंच आहे का?"

जहागीरदारांचे हात थांबले.

"आमचं जहाज तिथवर पोचलंच नाही," मुलगा म्हणाला. "मी नाही पाहिलं. तुम्ही थट्टा करायचात ना? मला हसवायला?"

त्याचा आवाज अगदी लहानपणीसारखा झाला होता. कुणा मंत्र्याचीही भीड न ठेवणारे जहागीरदार त्या आवाजापुढे पार ढासळले. चादर डाव्या पायावर उंच होती आणि उजवीकडे गुडघ्याच्या पुढे सपाट पसरली होती. खरं सांगायचं तर त्यांच्याकडे एकच खरं होतं, आणि ते या पोराच्या तोंडावर मारायची त्यांची छाती झाली नाही.

"थट्टाच रे ती," ते म्हणाले. "तू हसायचास म्हणून काहीतरी सांगायचो. मोठं आहे बेट. हिरवं आहे. मध्ये गोड्या पाण्याचा झरा आहे."

"झरा आहे?"

"बारमाही."

मुलाने डोळे मिटले. मला वाटलंच होतं, असं पुटपुटला. त्या दिवशी त्याने ताटातलं सगळं संपवलं आणि आईने स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावला. जहागीरदार मागच्या दारी जाऊन उभे राहिले. त्यांना स्वतःची शिसारी आली होती आणि पोरगं जेवलं म्हणून बरंही वाटत होतं.

त्यानंतर तो रोज विचारू लागला. झाडं कसली आहेत, किनारा कसा आहे, धक्का बांधता येईल का. जहागीरदार सांगत गेले. एका झाडाची राई झाली, झऱ्याचा ओढा झाला. पोराच्या गालावर रंग आला, कुबड्या घेऊन तो खोलीत फिरू लागला. भेटायला येणाऱ्यांना तो बेटाचं वर्णन ऐकवायचा आणि आमच्या बाबांनी पाहिलंय, असं शेवटी सांगायचा. ऐकणारे जहागीरदारांकडे बघायचे आणि जहागीरदार जमिनीकडे.

तह फार टिकणार नाही, अशी कुजबुज तोवर सुरू झालीच होती. नौदलाची भरती निघाली. तेव्हा एका सकाळी बेकरीवाला दारात आला, हातात गरम पावाची पिशवी घेऊन. युद्धाच्या वेळचा त्याचा तो तोरा कुठल्या कुठे गेला होता. आत यायला तयार नव्हता. उंबऱ्याबाहेरच चुळबुळत उभा राहिला. थोरला मुलगा भरतीला जायचं म्हणतोय, त्याची आई नको म्हणून रडतेय, आणि आपलं डोकं चालेनासं झालंय, असं त्याने चाचरत सांगितलं.

"टीव्हीवर सगळेच बोलतात," तो म्हणाला. "पण बेट पाहिलंय ते तुम्ही. तुम्ही सांगाल ते मी ऐकेन. खरं सांगा जहागीरदार, पोराचा जीव धोक्यात घालावा इतकं ते आहे का हो?"

वर्षानुवर्षं जहागीरदार वाट बघत होते, की कुणीतरी आपल्याला हे विचारावं. उत्तर जिभेवर होतं. एवढ्यात मागे खाट करकरली. दाराआड मुलगा कोपरावर उठून बसला होता आणि कान देऊन ऐकत होता.

"आहे," जहागीरदार म्हणाले.

बेकरीवाल्याने सुटकेचा निःश्वास टाकला, पावाची पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पोराच्या आईला सांगायला तो घराकडे निघाला.