वाकडचे डॉक्टर

चाकणच्या मुख्य रस्त्यावर दर दुसऱ्या इमारतीला दवाखान्याची पाटी आहे. खाली मोबाइलचं दुकान, वर दवाखाना, त्याच्या वर क्लासेस. पाटीवर दम्यापासून बाळंतपणापर्यंत सगळं लिहिलेलं असतं आणि त्यात ‘अस्थिरोग’ हा शब्द असतोच. एवढं लिहिलंय म्हणजे आत तेवढे डॉक्टर बसलेले असणार, अशी माझी समजूत होती. आईचा पाय मोडेपर्यंत मी त्या समजुतीत सुखाने राहिले.

आई बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून महिनाभरासाठी आली होती. त्याच्या वर लेकीच्या घरी राहायचं नाही, हा तिचा नियम. मी कंपन्यांत काम करणाऱ्या एकट्या पोरांचे डबे करते. आईला ओट्यापाशी उभं राहून काम जमेना, म्हणून मी तिला खाली शेगडी मांडून दिली होती. ती मांडी घालून बसायची आणि बघता बघता भाकऱ्यांची चवड लागायची. गावाकडे ती एकटीच राहते आणि तिचं सगळं आयुष्य जमिनीलगत. चूल खाली, धान्य निवडणं खाली, मारुतीच्या देवळातलं भजन खाली. मला खुर्चीत बसलेली आई आठवतच नाही.

त्या सकाळी ती बाल्कनीतल्या ओल्या फरशीवर घसरली. ओरडली नाही. मी धावत गेले तर म्हणाली, “पाय माझा न्हाई राहिला गं बाई.”

नवरा फर्स्ट शिफ्टला गेलेला. शेजाऱ्यांनी गाडी काढली आणि आम्ही तिला सगळ्यात जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या ड्युटीवरच्या डॉक्टरने एक्सरे काढला, खुब्याचं हाड मोडलंय म्हणून सांगितलं आणि वर म्हणाला, “ऑर्थो सर संध्याकाळी येतील.” म्हणजे पाटीवरचा अस्थिरोग संध्याकाळी येणार होता. संध्याकाळ झाली. दर थोड्या वेळाने मी काउंटरवर जायची आणि तिथली मुलगी म्हणायची, “सर निघालेत.” मग म्हणाली, सर चौकातल्या ट्रॅफिकमध्ये आहेत. चाकणच्या चौकात अडकलेल्या माणसाची वाट कशी बघायची हे इथे राहणाऱ्याला शिकवावं लागत नाही, पण तेव्हा माझा जीव टांगणीला लागला होता.

ते आले ते बाह्या दुमडत, गाडीच्या किल्ल्या हातातच. चाळिशीचे, बोलणं तुटक. फिल्म ट्यूबलाइटसमोर धरून म्हणाले, “मोडलंय, पण हाड जागेवर आहे. नशीब. परवा सकाळी स्क्रू घालू. तोवर अजिबात हलवायचं नाही.” आणि निघाले. आईने मागून हाक मारली.

“डॉक्टरसायब, मला खाली बसता येईल का? मांडी घालून?”

ते दारातून परत आले, तिच्या कॉटपाशी वाकले. म्हणाले, “हाड नीट जुळलं तर पुढे बसता येईल आजी. हमी देत नाही, पण प्रयत्न त्याच्यासाठीच आहे.” ते गेल्यावर आई मला म्हणाली, “ह्योच डॉक्टर बरा हाय. परत फिरून बोलला बघ.” तिने ठरवून टाकलं होतं.

पण ठरवणारी ती कोण? ऑपरेशनच्या संमतीचा विषय निघाला तसं सिस्टरने पहिला प्रश्न केला, “मुलगा आहे ना त्यांना? त्यांना विचारून घ्या.” मी समोर उभी, आई शुद्धीवर, आणि विचारायचं कोणाला, तर तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात बसलेल्या माझ्या मोठ्या भावाला.

दादाने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “डॉक्टर लोक कापायलाच बसलेत. आधी दुसऱ्या डॉक्टरला दाखव.” त्याने लगेच दुसरा डॉक्टर शोधलाही. त्याच्या दुकानात येणाऱ्या कोणाचा तरी साडू चाकणला होता. त्या साडूच्या बायकोचा गुडघा इथल्याच एका दवाखान्यात बरा झाला होता. तिथे वाकडहून एक डॉक्टर येतात, वाकडचे डॉक्टर म्हणूनच लोक ओळखतात, एकदम देवमाणूस, उगाच चाकू लावत नाहीत. मी म्हटलं, “दादा, हलवू नका म्हणालेत.” तो म्हणाला, “मी मुलगा हाय. मला इचारल्याबिगर आईला चाकू लावायचा न्हाई.” आमच्या घरात या वाक्यापुढे बोलणं संपतं.

मी आधी नुसता एक्सरे घेऊन त्या दुसऱ्या दवाखान्यात गेले. तिथली बाई म्हणाली, सर पेशंट बघितल्याशिवाय काही सांगत नाहीत, उद्या त्यांचा वार आहे, पेशंटला घेऊन या. मी परत दादाला फोन लावला. तो म्हणाला, “मग ने की. दोन गल्ल्या तर हायत.” दुसऱ्या दिवशी पहिल्या दवाखान्यात ‘आमच्या जबाबदारीवर नेतो’ असं लिहून दिलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नव्हतं. दोन वॉर्डबॉयनी तिला खुर्चीवर बांधून जिन्याने उतरवलं. मधल्या वळणावर खुर्ची कलली आणि पडल्यापासून पहिल्यांदा आई किंचाळली. तो आवाज ऐकून खालच्या दुकानातली माणसं बाहेर आली.

दुसऱ्या दवाखान्यात पुन्हा तेच. पुन्हा एक्सरे, पुन्हा वाट बघणं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “सर निघालेत.” खरं तर तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता.

दार उघडलं आणि बाह्या दुमडत, हातात किल्ल्या घेऊन तेच आत आले.

मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं. त्यांच्या पाठीमागे दुसऱ्याला दाखवायला म्हणून पेशंट उचलून आणला, आणि दुसरा म्हणून निघाले तेच. पहिल्या दवाखान्यात कुठून येतात ते कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही विचारलं नव्हतं. चाकणच्या सगळ्या पाट्यांवरचा अस्थिरोग बहुधा त्या एकाच गाडीतून हिंडत होता. खूश झाली ती एकटी आई. “आवं डॉक्टरसायब, तुमीच आलाव व्हय? बरं झालं माय!” तिला वाटलं, तिच्याच डॉक्टरसाठी आम्ही तिला इकडे आणलं.

ते माझ्याकडे बघून म्हणाले, “मला तर सांगितलं, पेशंट पुण्याला नेला.” मी काहीबाही पुटपुटले. त्यांनी नवी फिल्म उजेडासमोर धरली. मग माझ्याकडून जुनी मागून घेतली आणि दोन्ही शेजारी शेजारी धरल्या. मला हाडांतलं काही कळत नाही, पण तेवढं मलाही कळलं. पहिल्या फिल्ममध्ये जे एका रेषेत होतं ते दुसरीत खाली घसरलं होतं.

“सरकलंय,” ते म्हणाले.

“जिन्यावरून आणताना?”

“सांगता येत नाही. कधी कधी पडल्या जागीही सरकतं.”

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. आता स्क्रूने भागणार नाही, खुब्याचा गोळाच बदलावा लागेल, एवढंच सांगितलं. आईने तिचा तोच प्रश्न विचारला. या वेळी ते स्टूल ओढून तिच्याशेजारी बसले.

“चालाल आजी. वॉकर धरून लवकर चालाल. पण खाली बसायचं नाही. मांडी नाही, उकिडवं नाही.”

“कंदीच?”

“नाही.”

आईने पदर तोंडावर ओढून घेतला. गावचं घर, तिथली चूल, तिथला संडास, सगळं माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. ती तिथे आता एकटी राहू शकणार नव्हती. मला रडू आलं ते तिच्या पायापेक्षा त्याचंच.

दादाला फोन केला. वाकडचे डॉक्टर गोळा बदलायचा म्हणतात, एवढंच मी सांगू शकले. देवमाणूस म्हणतोय म्हटल्यावर तो लगेच ‘हो’ म्हणाला. ऑपरेशनला नेण्याआधी आईने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, भीती वाटत असेल. ती म्हणाली, “तुझ्या दादाला सांगू नको हां. हाड सरकलं, ह्ये. जिवाला लावून घ्यायचा त्यो.” मला भयंकर संताप आला. माझ्या जिवाचं काय, हे अगदी ओठावर आलं होतं. पण तिला आत न्यायला माणसं आली होती आणि माझं बोलणं राहून गेलं.

ऑपरेशन चांगलं झालं. आई वॉकर धरून घरात फिरायला लागली तेव्हा दादा आला. येताना संडासाची खुर्ची आणली होती. ती त्याने स्वतः जोडली, हलत नाही ना म्हणून वर बसून बघितली. माणूस वाईट नाही. मग चहा पिता पिता माझ्या नवऱ्याला सांगायला लागला, “मी आडून बसलो म्हणून आज आई चालतीय. त्या पहिल्याच्या हातात दिली असती तर संपलं होतं सगळं. गावात बी सगळ्यांना सांगितलंय मी. डॉक्टर असावा तर वाकडच्यासारखा.”

मी ओट्यापाशी भाकऱ्या करत होते. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

“व्हय रं बाबा,” आई म्हणाली. “तू व्हतास म्हणून उभी राहिले.”

मी वळले. बोलणं त्याच्याशी चाललं होतं, पण आई बघत माझ्याकडे होती. मी आता तोंड उघडीन म्हणून तिची नजर माझ्यावरून हलत नव्हती. माझ्या आईला माझी भीती वाटलेली मी त्याआधी कधी पाहिली नव्हती. मी गॅस बारीक केला आणि दादाला म्हटलं, हात धुऊन घे, वाढते.