अकोल्याला गेलेलं रीळ

माझ्या सासऱ्यांनी, धर्मपालजींनी, अडतीस वर्षं बडनेरा स्टेशनच्या पार्सल ऑफिसात काढली आणि रिटायर झाल्यावर ते ऑफिस घरी घेऊन आले. माझ्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक डब्यावर त्यांच्या हातची चिठ्ठी आहे. हळद, तिखट ठीक आहे हो, पण मिठाच्या बरणीवर ‘मीठ’ लिहून खाली तारीख टाकायची म्हणजे काय? माझी लेक अपेक्षा कॉलेजात जायला लागली, तरी तिच्या जेवणाच्या डब्यावर नाव, वर्ग आणि ‘मुक्काम बडनेरा’. मी चिठ्ठी खरवडून काढली की दुसऱ्या दिवशी नवी हजर. वीट आलाय मला.

घरी कोणी आलं की पाण्याच्या आधी सासऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं: आपल्या हातून एकही नग चुकीच्या गाडीत गेला नाही. आणि आतून सासूबाईंचंही ठरलेलं: “अन् तो अकोल्याचा डबा?” की सासरे गप्प. पाहुणे हसतात. मी मात्र वीस वर्षं तेच ऐकते आहे.

त्या दोघांचं लग्न झालं त्या वर्षी रेल्वे कॉलनीतल्या तमिळ लोकांनी वर्गणी काढून मद्रासहून एक जुना सिनेमा मागवला. हेरगिरीचा, काळापांढरा. भाषा कळत नसली तरी फुकट म्हणून अर्धं बडनेरा मैदानात लोटलं. तेल्हाऱ्याहून आठ दिवसांपूर्वी आलेली नवरी, म्हणजे आमच्या सासूबाईही. त्यातला हेर बंदरावर चहावाला बनून राहतो, घरी बायको वाट पाहते, आणि शेवटी दीपगृहाच्या पायऱ्यांवर त्याला गोळी लागते. पडदा पांढरा झाला आणि सासूबाईंचं रडं सुरू झालं. दोन दिवस अन्नाला शिवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांनी येऊन सांगितलं की हेर मेलेलाच नाही. ते सोंग होतं. शेवटच्या रिळात तो घरी येतो, पण त्या रिळाचा डबा आपल्याच चुकीनं अकोल्याच्या गाडीत चढला.

झालं. तेव्हापासून अकोल्याला जाणाऱ्या प्रत्येकानं चौकशी करायची. मीसुद्धा. मावसबहिणीच्या लग्नाला गेले, तर भरजरी शालूत स्टेशनच्या पार्सल खिडकीवर उभी राहून चाळीस वर्षांपूर्वीचा डबा विचारते आहे. तिथला बाबू माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता, ती आठवली तरी डोकं तापतं.

म्हणून गेल्या महिन्यात अपेक्षाला तो सिनेमा इंटरनेटवर सापडला, तेव्हा मला वाटलं, सुटले एकदाची. सासूबाईंनी तर केसांना तेल लावून नवं लुगडं काढून ठेवलं. सासऱ्यांचं काय बिनसलं कोणास ठाऊक. एके दिवशी टीव्हीच्या रिमोटचे सेल गायब. ते सापडले शेंगदाण्याच्या डब्यात, आणि त्यावर मात्र चिठ्ठी नव्हती. दुसऱ्या दिवशी इंटरनेटची वायर उपटलेली. म्हणे उंदरानं ओढली. मग म्हणाले, म्हातारीच्या डोळ्यांना त्रास होईल. माणसानं किती हट्टी असावं, याला काही माप?

शेवटी रविवारी दुपारी मी रिमोट पदराला बांधला आणि सगळ्यांना टीव्हीसमोर बसवलं. सासरे दाराजवळ बसले, उठून जाता येईल असे. गेले मात्र नाहीत. दीपगृह आलं, पायऱ्या आल्या, गोळी लागली. पडद्यावर तमिळ अक्षरं आली आणि अंधार झाला.

“लाव ना पुढचं,” सासूबाई म्हणाल्या.

अपेक्षानं सांगितलं की पुढे काही नाही, सिनेमा पूर्ण आहे, चौदाच्या चौदा रिळं. सासूबाईंना ते पटेना. तिनं परत मागे नेऊन शेवट दाखवला. हेर परत मेला.

सासूबाई हळूहळू दाराकडे वळल्या. “म्हंजे डबा हरवलाच नवता?”

“नाही,” सासरे जमिनीकडे बघत म्हणाले.

माझा तोल सुटला. मग मी त्या खिडकीवर काय झक मारायला उभी होते, असं सासऱ्यांपुढे बोलू नये ते बोलले. कोणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“त्रेचाळीस वर्सं मी तुमाले चारचौघांत बोलली,” सासूबाई म्हणाल्या. “काहून आयकून घेतलं तुमी?”

“तू जेवली ना पण.”

सासूबाई उठून आत गेल्या. भांड्यांचा नुसता खडखडाट. मला वाटलं, आता या वयात पुन्हा दोन दिवस उपाशी बसतात की काय. म्हणजे परत माझ्याच जिवाला घोर. पण त्यांनी चहा ठेवला होता.

संध्याकाळी सासऱ्यांचे जुने सोबती सूर्यभानजी आले. जयभीम झाला, आणि पाण्याच्या आधीच सवयीनं सासरे बोलून गेले की आपल्या हातून एकही नग चुकीच्या गाडीत गेला नाही. बोलले आणि थांबले. सूर्यभानजीही हसायच्या तयारीत स्वयंपाकघराच्या दाराकडे बघू लागले.

आत कपबशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

मग सासूबाई म्हणाल्या, “एकबी नाही.”