शेजारच्या सीटवरची लवंग
मसालेभातासाठी डबा उघडला, लवंगेचा वास आला आणि शेंद्र्याला जाणारी आमची कंपनीची बस आठवली. क्रांती चौक सुटला की नळाला पाणी नाही, रस्ता खोदून ठेवलाय, असे सगळ्यांचे पाढे सुरू व्हायचे. माझ्या शेजारी बसणारे काका मात्र नेमके तेव्हाच खिशातून डबी काढून एक लवंग तोंडात टाकायचे आणि गप्प बसायचे. मला वाटायचं, दाढ दुखत असेल. पण कँटीनमध्ये तर ते शेंगदाणे कडाकडा चावायचे! शेवटी एकदा बसमध्येच न राहवून विचारलं. ते हसले. "दाढ नाय वो ताई. तक्रार तोंडाशी आली की टाकतो. जरा चुरचुरतं, जीभ गप बसते. लेक म्हणली, पप्पा, तुमचं रडगाणं लई, फोन करावासाच वाटत नाय." "मग आता करते का?" मी विचारत होते तोच त्यांचा फोन वाजला. त्यांनी घाईनं लवंग तोंडात टाकली आणि चिकलठाण्यापासून शेंद्र्यापर्यंत नुसतं हं हं करत ऐकत राहिले. पलीकडून लेकीचं हसू मलासुद्धा ऐकू येत होतं. आज माझ्या मुलाचा फोन येतोय, नळाला अजून पाणी आलेलं नाही. भातासाठी काढलेली लवंग मी आधी तोंडात टाकली, मग फोन उचलला.