चादरबाई सॅक घ्यायला जाते

दवाखान्यातल्या नर्सेस तिला चादरबाई म्हणायच्या, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही. तळघरातल्या धुलाईघरात ओल्या चादरींचे गठ्ठे मशीनमधून उपसायचे, वाळवायचे, घड्या घालून वॉर्डात पोचवायचे, यातच तिची उमर गेली होती. त्या शनिवारीही ती सकाळची पाळी उरकून थेट दुकानात आली होती. खरं सांगायचं तर तिला कुठेतरी बूड टेकायचं होतं. पण नवऱ्याचा उत्साह नुसता उतू चालला होता.

नवरा बसचा ड्रायव्हर. पाठीच्या दुखण्याने त्याला वेळेआधीच घरी बसवलं, तेव्हापासून हा गृहस्थ खिडकीशी बसून जाणाऱ्या-येणाऱ्या बसगाड्यांना नावं ठेवायचा. वर्षातून एकदा मात्र त्याच्या अंगात वारं शिरायचं. डोंगर! चार-पाच रात्री, तंबू पाठीवर, ना रस्ता ना दुकान. लग्न झाल्यापासून दोघं जात होती. त्या चार दिवसांच्या जोरावर हा उरलेलं वर्ष ढकलतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. डोंगर बंद झाला तर माणूस खिडकीतच संपेल, ही धास्ती तिने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती. यंदा दोघांच्याही सॅकच्या शिवणी उसवल्या, म्हणून ही खरेदी.

दुकानातली विक्रेती चांगली जाणती होती. "रंग नंतर बघू, काका. आधी पाठ मोजू," असं म्हणत तिने मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत टेप धरली. "सॅक उंचीवर नाही, पाठीच्या लांबीवर ठरते. आणि वजन खांद्यावर नाही, कमरेवर बसायला हवं."

"मला आपली मोठीच द्या," नवरा म्हणाला. "तंबू, स्टोव्ह, खाण्याचे डबे, सगळं माझ्याकडे असतं. हिच्याकडे काय, कपडे नि पांघरुणं. तरी चढावर गोगलगाय! दर वळणावर मी थांबायचं नि हिची वाट बघायची."



"मग नेहमी नेता तेवढंच वजन भरून बघू या," विक्रेती म्हणाली आणि तिने वाळूच्या छोट्या पिशव्या काढल्या. चादरबाई घाईघाईने पुढे झाली.

"कशाला उगीच? रिकामीच घालून बघा की!"

"रिकामी काय, कुणालाही शोभते!" नवरा म्हणाला. "भरा, ताई, भरा."

तंबूची एक, स्टोव्हची एक, डब्यांच्या दोन, पाण्याची वेगळी. कमरपट्टा आवळून नवरा ऐटीत निघाला आणि दुसऱ्याच पावलाला एका गुडघ्यावर आला. हाताशी फळी होती म्हणून बरं, नाहीतर तोंडावरच आपटायचा. "पट्टा चुकलाय," तो म्हणाला. विक्रेतीने पट्टा नीट केला. मग दुसरी सॅक झाली, मग तिसरी. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत चालला.

"अहो ताई, गेल्या वर्षी एवढंच घेऊन मी खिंड चढलोय! सांग ना गं यांना."

आता एक थाप मारली असती की निभावलं असतं. थापा मारण्यात ती काही कच्ची नव्हती. पण त्या दिवशी तिच्यात थाप रचण्याएवढंही त्राण उरलं नव्हतं.

"नाही चढलात," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सकाळी तुम्ही पाणी आणायला जायचात, तेव्हा मी स्टोव्ह आणि डबे माझ्या सॅकमध्ये घालायची. तंबूचं कापडसुद्धा. तुमच्याकडे नुसते दांडे. वर कपडे नि पांघरुणं कोंबायची, सॅक फुगलेली दिसावी म्हणून. मुक्कामाला तुम्ही बूट काढेपर्यंत सगळं परत जागच्या जागी."

"कधीपासून?"

"तुमचं दुखणं सुरू झाल्यापासून."

तो स्टुलावर बसला. पाठीवरची सॅक काढायचंही त्याला सुचलं नाही. "आणि मला वाटायचं," तो हळूच म्हणाला, "डोंगरात गेलं की माझं दुखणं पळतं."

तिला भडभडून आलं. विक्रेती शहाणी, ती पलीकडच्या फळीवरचे बूट उगाच सारखे करत राहिली.

"मूर्ख बनवलंस मला!"

"बनवलं. तुम्हाला त्या खिडकीत बघवत नव्हतं."

त्याने कमरपट्टा सोडून सॅक खाली ठेवली. मग विचारलं, "म्हणजे मोठी सॅक मी घेतली असती, तरी ओझं तूच वाहणार होतीस? सगळं एकटीने?"

"हो."

"उचलशील?"

ती हो म्हणणारच होती. इतकी वर्षं तेच तर म्हणत आली होती. पण निघालं भलतंच. "नाही हो. दमले मी. दिवसभर ते गठ्ठे, घरी तुम्ही, नि वर हा डोंगर. नाही झेपत आता. मला कुठेच जायचं नाही. मला झोपायचंय." बोलून गेली आणि तिचीच तिला भीती वाटली, आता याचं काय होणार म्हणून. डोळे पुसत ती बूट घालून बघायच्या बाकावर जाऊन बसली.

नवरा उठला. सगळ्या पिशव्या त्याने बाहेर काढल्या. "ताई, मधल्या मापाची दाखवा. वजन मी भरतो." एक पिशवी घातली, उभा राहिला. दुसरी घातली, चार पावलं चालला. तिसरी घातली आणि मुकाट्याने परत काढली.

"एवढ्यात तंबू नाही मावायचा, काका," विक्रेती म्हणाली. "चार-पाच रात्रींचं तर विसराच."

"डोंगरात तळ्याकाठी छपराचा निवारा आहे. एक रात्र तर एक रात्र. एकटाच जाईन." आरशात बघून त्याने पट्टे ओढले आणि कशी दिसते ते विचारायला तो वळला.

चादरबाई बाकावर बसल्या बसल्या झोपली होती. डोकं भिंतीला, तोंड उघडं, पर्स मांडीवरून घसरायच्या बेतात.

"हीच बांधून देऊ ना?" विक्रेतीने विचारलं. "काकूंना उठवते."

"नको, नको!" पर्स अलगद उचलून घेत तो कुजबुजला. "मला अजून बऱ्याच सॅक घालून बघायच्यात."