शेवटचा आकडा

जुन्या तबकडीचं वय तिच्या लेबलाला विचारू नये. लेबल कागदाचं, ते खोटं बोलू शकतं. खरं वय असतं चरे संपतात त्या गुळगुळीत पट्टीवर उठलेल्या बारीक आकड्यांत. तबकडी उजेडात तिरकी धरली की ते दिसतात. साल ठाऊक असलेल्या तबकड्यांशी ते ताडून पाहायचे.

हे खूळ मला झाशीच्या छावणीतल्या एका कबाडीमुळे लागलं. बदली झालेल्या साहेबांचं सामान त्याच्याकडे यायचं आणि त्याच्या लेखी प्रत्येक तबकडी "अंग्रेज़ों के ज़माने की" असायची. मी आकडे वाचून म्हणायची, "भैया, ये तो मेरी उमर की है." तो म्हणायचा, "तो दीदी, आप कौन-सी नई हो!"

त्याच्याच ढिगात एकदा एका लेबलावर माझ्या आत्याचं माहेरचं नाव दिसलं. मी भावही न करता ती तबकडी घेतली.

लग्नाआधी आत्यानं दिल्लीला जाऊन एक भजन रेकॉर्ड केलं होतं. घरी आलेली एकुलती एक प्रत तिच्या लग्नाच्या गडबडीत फुटली, तीही कुणी ऐकण्याआधी. आत्या गुरसरायला सासरी गेली आणि पुन्हा गायली नाही. हळदीकुंकवाला कुणी गळ घातली की म्हणायची, "घसा गेला हो." खरं कारण तिनं एकदा फक्त मला सांगितलं होतं. अंतऱ्यात तिचा निषाद उतरला होता. तिनं हट्टानं पुन्हा गायलं, ते बिनचूक झालं, पण दोन्हींतलं कुठलं बाजारात आलं ते तिला कुणी कळवलं नाही. पहिलंच आलं असणार, या धास्तीनं तिनं तोंड मिटलं.

आणि मला तर ठाऊक होतं की त्या आकड्यांच्या शेवटी, गाणं कितव्यांदा गायलेलं आहे ती खेपही लिहिलेली असते. एक म्हणजे पहिली, दोन म्हणजे दुसरी. मी तबकडी तिरकी केली. शेवटी एक होता.

चावीचा ग्रामोफोन आणि तबकडी मांडीवर घेऊन मी गुरसरायची बस धरली. वाटभर 'दोन होता' असं सांगायचं ठरवत होते.

"किती गं?" तबकडी पाहून आत्यानं दारातच विचारलं; शेवटच्या आकड्याचं मी तिला कधीच सांगून ठेवलं होतं.

"एक," मी म्हणाले. तिच्यासमोर मला कधीच खोटं बोलता आलं नाही.

तिनं पदरानं तबकडी पुसली. मग म्हणाली, "लाव. होऊन जाऊ दे."

काय आवाज होता तिचा! अंतरा आला तसं तिनं माझं मनगट धरलं. "हा. ऐकलास?"

"काय?"

"निषाद!"

मला काहीच वेगळं वाटलं नव्हतं. आम्ही पुन्हा लावली, तरी मला सापडला नाही. तिसऱ्यांदा आत्याच कान देऊन, कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिली.

"एवढासाच?" ती म्हणाली. "मला वाटायचं, साऱ्या हिंदुस्थानानं ऐकला." ती हसायला लागली आणि हसता हसता थांबली. "एवढ्यापायी सोडलं होय गं मी?"

मला तिचा रागही आला आणि रडूही आलं. तिनं डोळे मिटले, खाकरून षड्ज लावला आणि अंतऱ्याची ओळ धरली. आवाज मध्येच फाटला. तिनं परत धरली, परत फाटला.

घसा आता खरंच गेला होता.