मासवणपर्यंतचं नेपाळ

नेपाळला गाडीने जायचं हे आमच्या घरात मे महिन्यात ठरलं. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निघालो आणि चौथ्या दिवशी मासवणहून परत आलो. तारापूर ते मासवण हे अंतर चाळीस किलोमीटरसुद्धा नसेल. पुढे वाचायचं की नाही ते तुम्ही ठरवा. कागदपत्रांची आणि रस्त्याची माहिती ओघात येईल, ती खरी आहे.

जायचं होतं ते बाबांना. माझे वडील नाखवा, तारापूरच्या खाडीतून स्वतःची मासेमारी बोट समुद्रात न्यायचे. वय एकाहत्तर. त्यांच्या बोटीवर चौदा वर्षं दिलबहादूर नावाचा नेपाळी खलाशी होता. आम्ही त्याला दिल म्हणायचो. सहा वर्षांपूर्वी एका पहाटे जहाजाने त्यांचं जाळं तोडून नेलं. पहाऱ्यावर कोणीतरी झोपलं होतं. बाबांनी दिलला धरलं आणि किनाऱ्यावर सगळ्यांसमोर म्हणाले, "जाळं तुझ्या बापाचं असतं तर झोपला असतास काय?" दिलने तुटलेला दोर गुंडाळून ठेवला. त्याच आठवड्यात पिशवी उचलून तो गावी गेला. दोन वर्षांनी बोटीवरच्याच बाबांच्या चुलतभावाने आजारपणात कबूल केलं, की त्या पहाटे झोपलेला तो होता. दिलला ते माहीत होतं. नाखव्याच्या भावाचं नाव त्याने घेतलं नव्हतं.

तेव्हापासून बाबा दर दिवाळीला दिलला फोन करतात. भात कसं आहे, गुडघा कसा आहे, एवढंच बोलतात. ती गोष्ट बोलत नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "ती फोनवर बोलायची गोष्ट नाय. समोर जाऊन बोलायची हाय."

माझा नवरा नितीन बोईसरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात आहे. कामगारांची ने-आण करणारी एक जुनी सतरा आसनी गाडी कारखान्याने विकायला काढली, ती त्याने घेतली. विमानाने जाता आलं असतं, पण बाबांना विमान नको होतं आणि नितीनला गाडीवर काम करायला निमित्त हवं होतं. औद्योगिक वसाहतीतल्या एका शेडमध्ये आसनं काढून दोन बाक, एक ओटा आणि पाण्याची टाकी बसवली. शेडमधला वेल्डर नेपाळच्या सीमेजवळच्या बहराइचचा होता. नेपाळ म्हटल्यावर तो हसायलाच लागला. "मॅडम, हमारे यहाँ तो लोग नेपाल साइकिल से जाते हैं. नमक लेने. आपको पूरा घर ले जाना है?" पण खिडक्यांना जाळी त्याने फुकट लावून दिली.

तुम्ही असं काही करणार असाल तर आधी परिवहन कार्यालयात विचारा, मग आसनं काढा. आम्ही उलट केलं आणि हेलपाटे घातले. नेपाळसाठी गाडीचं मूळ नोंदणीपत्र, विमा, पीयूसी आणि चालकाचं लायसन्स लागतं. सीमेवर गाडीचा परवाना घ्यायचा, त्याला भन्सार म्हणतात. तो दिवसांच्या हिशोबाने मिळतो, म्हणून एक-दोन दिवस जास्तीचे धरा. ओळखीसाठी पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र. बाबांच्या ओळखपत्रावर जन्मसाल चुकलेलं होतं, ते दुरुस्त करायला कोळगावच्या कार्यालयात गेलो. टेबलामागच्या बाईंनी विचारलं, "आजोबा, घाई कशाला? निवडणूक लांब आहे."

"नेपाळला जायचं हाय."

"आत्ता? तिकडे मोर्चे, जाळपोळ चाललीय. बातम्या बघत नाही का?"

"आमचा माणूस हाय तिकडे."

"नातेवाईक?"

बाबांनी ओळखपत्र पुढे सरकवलं. "खलाशी," म्हणाले.

बातम्या मी बघत होते. आम्हाला काठमांडूला जायचंच नव्हतं. उत्तर प्रदेशातल्या रुपईडिहाला सीमा ओलांडून नेपाळगंज आणि तिथून पुढे बर्दिया जिल्ह्यातलं एक गाव, बस. दिल नेपाळगंजच्या गेटवर घ्यायला येणार होता. राजधानी तिथून खूप लांब आहे, असं मी सगळ्यांना नकाशा दाखवून सांगत होते. मी पालघरच्या महाविद्यालयात मराठी शिकवते. शिक्षकांच्या खोलीत माझ्याइतकं नेपाळचं राजकारण कोणी वाचत नव्हतं. घरात असं ठरूनच गेलं, की गाडी नितीनची, माणूस बाबांचा आणि बातम्या माझ्या.

शुक्रवारी सकाळी निघालो. बाबांनी दिलसाठी सुके बोंबील आणि जवळा असे दोन डबे घेतले होते. झाकणं घट्ट होती, तरी बोईसर येईपर्यंत गाडीभर वास झाला. इरा, आमची नऊ वर्षांची मुलगी, नाकाला रुमाल लावून म्हणाली, "आजोबा, नेपाळचे पोलीस आपल्याला लांबूनच ओळखतील."

"वळखू दे. दिलने पन वळखलं पायजे ना."

निघण्याआधी बाबांनी दिलला शेवटचा फोन केला. "निघतोय," एवढं बोलून ठेवून दिला. आमच्याकडे बोट सुटली की मागून आवाज द्यायचा नाही, कधी येणार ते विचारायचं नाही. निघालेल्यानेही सांगायचं नाही. किनाऱ्यावरच्यांनी वाट बघायची. बाबा गाडीलाही तोच नियम लावतात. चौदा वर्षांत दिलही तेच शिकला होता. म्हणजे आता पोहोचेपर्यंत दोघंही फोन करणार नव्हते.

बोईसरहून चिल्हार फाट्याने सरळ महामार्गाला लागता येतं. आम्ही पालघरमार्गे गेलो, कारण एक झेरॉक्स राहिली होती आणि बाजारातून भाजी घ्यायची होती. पालघरमध्ये एवढी मोठी गाडी लावायला जागा मिळत नाही, हे लक्षात ठेवा. स्टेशनकडे वळूच नका. दुपारी मनोरच्या रस्त्याला लागलो आणि मासवणला थांबलो. नितीनचा सहकारी जयेश तिथला. पहिला मुक्काम त्याच्या घराजवळ करायचा, टाकी, गॅस, दिवे नीट चालतात का ते बघायचं आणि पहाटे महामार्ग गाठायचा, असा बेत होता.

जयेशच्या आईला सगळे काकी म्हणतात. गाडीला एक फेरी मारून त्यांनी विचारलं, "यात र्‍हायचं? मंग घर कशाला बांधलं?"

सूर्या नदीकडे उतरत गेलेली भाताची खाचरं पिवळी झाली होती. रात्री सगळं नीट चाललं. टाकी गळली नाही. मला तेव्हा बरं वाटलं होतं, हे नोंदवून ठेवते.

शनिवारी सकाळी रस्त्याकडेच्या चिंचेखाली गेले. रेंज तिथेच येते. नेपाळगंजला संचारबंदी लागली होती आणि सीमेवर गाड्या थांबवल्या होत्या. एका चित्रफितीत टायर जळत होते. मी परत येऊन सांगितलं.

नितीन म्हणाला, "पुढे तर जाऊ. पोहोचेपर्यंत उघडेल."

मी म्हटलं, "आणि नाही उघडलं तर? इराला घेऊन तिथे रस्त्यावर बसायचं?"

बाबा म्हणाले, "इथंच थांबू. वारा पडला की निघू."

रविवारीही सीमा बंद होती. इराने वहीत लिहिलं: पहिला दिवस मासवण, दुसरा दिवस मासवण, तिसरा दिवस मासवण. बाबा काकींबरोबर भात कापायला गेले. जन्मात विळा धरलेला नव्हता. काकी बांधावरून ओरडल्या, "नाखवा, भात हाय तो, पलून नाय जानार. हलू कापा!" बाबा मोठ्याने हसले. दुपारी तांदळाची भाकरी आणि जवळ्याची चटणी. दिलच्या डब्यातला जवळा बाबांनीच काढून दिला. "बोंबील पुरेल त्याला," म्हणाले.

त्या संध्याकाळी बांधावर बसून त्यांनी मला विचारलं, "सुरुवात कशी करू? आधी भावाचं नाव सांगू, की आधी माझं चुकलं सांगू?"

"आधी तुमचं," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणून बघत राहिले.

सोमवारी सकाळी चिंचेखाली मोबाइलवर तीन संदेश आले. ट्रकचालकांच्या एका गटात मी शिरले होते. त्यात होतं, "गेट खुल गया. गाड़ियाँ जा रही हैं." नेपाळगंजच्या एका वाहिनीवरही तेच होतं. तिसरा संदेश माझ्या नणंदेचा. लहान पोर घेऊन कुठे निघालात, टीव्ही बघितला का?

मी तिथे किती वेळ उभी होते, सांगता येत नाही. एक एसटी गेली. मी इराचा विचार केला, असं मला लिहायला आवडलं असतं. खरं म्हणजे तीन दिवस मी एक कारण शोधत होते आणि त्या कारणाला इराचं नाव देता येत होतं. जळते टायर, बंद दुकानं, चार दिवसांचा रस्ता, अनोळखी भाषा. मला भीती वाटत होती आणि तसं सांगायची लाज वाटत होती. मे महिन्यापासून नकाशे दाखवत फिरणारी मीच होते.

खाली आले. तिघंही माझ्याकडे बघत होते.

"अजून बंद," मी म्हटलं. "महिनाभर तरी उघडणार नाही म्हणतात."

नितीनने विचारलं, "नक्की?"

"नक्की."

बाबा फोन करून विचारणार नाहीत, हे मला माहीत होतं. ते निघालेले होते.

ते उठले, पायांची माती झाडली. "चला मंग," म्हणाले. काकींनी तांदळाची पिशवी दिली. परत येताना पालघरला थांबलो नाही. दुपारी दोनपर्यंत घरी.

घरी पोहोचल्यावर मात्र बाबांनी दिलला फोन लावला. लागला नाही. मंगळवारी लावला, बुधवारी लावला. "बंद येतोय," म्हणायचे. गडबडीत सगळंच बंद असेल, असं मी सांगितलं. आता मी बोलेन ते बाबा धरून चालत होते.

शनिवारी सकाळी दिलचाच फोन आला. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून ते स्पीकरवर बोलतात. मी ओट्याशी पालक निवडत होते.

"नाखवा, बरे हाव ना? गाडीला काय झाला नाय ना?"

"बरा हाय. तुजा फोन बंद होता रे."

"गावात लाईट नव्हता, चार्जिंग गेला. आमी मंगळवारपासून गेटवर होतो. बायको पन होती. शुक्कारी घरी आलो. वाटेत काय झाला काय, म्हनून आता फोन केला."

"अरे, पन गेट बंद होतं ना."

"नाय नाखवा. सोमवारी खुलला. गाड्या येत होत्या ना. एक महाराष्ट्राची पन आली. आमी धावलो. आत दुसरीच मान्सं."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी पालकाची जुडी तशीच हातात धरून होते.

"मीच वळलो दिल," ते म्हणाले. "घाबरलो."

पलीकडे दिल हसला. "तुमी? वादळात बिडी पेटवनारा मानूस?"

"वय झालं."

"मंग बरा केला. पोरगी हाय लहान. जिवापेक्षा काय?"

बाबांनी स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावून अंगणात गेले. मला वाटलं, आता सांगतील. खिडकीतून मी त्यांची पाठ बघत होते. दोनेक मिनिटं बोलले. एकदा गुडघ्यावर हात फिरवला. मग आत आले आणि फोन टेबलावर ठेवला.

"सांगितलंत?" मी विचारलं.

"काय सांगनार? आताच एक खोटं बोललो त्याच्याशी. त्याच तोंडाने खरं कसं बोलू?"

एवढंच. त्यानंतर ते माझ्याशी नेहमीसारखे बोलतात, जेवायला काय आहे विचारतात, इराला खाडीवर नेतात. त्या सकाळी मी काय वाचलं होतं, ते त्यांनी कधी विचारलं नाही. नितीनला मी त्याच दिवशी सांगितलं. त्याने गाडीच्या किल्ल्या खुंटीला लावल्या. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंस तर मीही वळलोच असतो. पण ठरवून वळलो असतो."

गाडी चांगली आहे. नाताळच्या सुट्टीत डहाणूपर्यंत नेली, ओटा आणि टाकी उत्तम चालतात. असा प्रवास आखणाऱ्यांनी मला विचारलं तर मी कागदपत्रांची यादी देते. अशांत देशात कुटुंब घेऊन जावं का, याचं उत्तर माझ्याकडे नाही. न जाणंही बरोबर असू शकतं. आम्ही परत आलो याचं मला वाईट वाटत नाही. ज्या माणसाने जायचं होतं, त्याला निवडता आलं नाही, याचं वाटतं. नितीन एप्रिलमध्ये पुन्हा नेपाळला निघायची गोष्ट काढतो तेव्हा बाबा "बघू" म्हणतात आणि उठून जातात.

दिलचा नंबर माझ्याकडेही आहे. नाखवा घाबरला नव्हता, गाडी मी वळवली, हे सांगायला एक मिनिटही लागणार नाही. ते ऐकल्यावर दिल काय म्हणेल याची मला कल्पना आहे. बरं केलं, असंच म्हणेल. मी अजून फोन केलेला नाही.