खुर्चीतला शब्द

आमच्या गल्लीतल्या सलूनवाल्याला त्याच्या पाठीमागे सगळे होयबा म्हणतात. तोंडावर कोण म्हणणार, वस्तरा त्याच्या हातात! खुर्चीत बसून काहीही बोला, तो म्हणणार, "अगदी बरोबर." एका सकाळी सासरे येऊन "जावई आळशी" म्हणून गेले, पाठोपाठ जावई येऊन "सासरा चिक्कू" म्हणाला. दोघांनाही अगदी बरोबर! मी बाकावरच होतो. डोक्यावर केस उरले नाहीत, पण पेपरात न येणाऱ्या बातम्या तिथे मिळतात.

मी कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "वाद घातला की गिऱ्हाईक मान हलवतं. वडिलांनीच शिकवलंय, वस्तरा हातात असेपर्यंत सगळ्याला हो."

दुकानावरच्या त्याच्या खोलीत चित्रकलेचे मास्तर भाड्याने राहत. करार अकरा महिन्यांचा, आधी सोडली तरी भाडं पूर्ण. सातव्या महिन्यात मास्तरांची बदली झाली ती नेमकी बायकोच्या नोकरीच्या गावी. ती तिथे हॉस्टेलात, आणि तिलाही सातवाच महिना. आता घर करणं भाग होतं, पण दोन घरांचं भाडं मास्तरांच्या पगारात बसेना.

मास्तरांनी तोंडाला फेस लावलेला असतानाच विचारलं, "काका, चार महिने आधी सोडली तर चालेल ना?"

"अगदी बरोबर. खुशाल जा."

मास्तरांनी आनंदाने तिकडे घर ठरवून टाकलं. टेम्पो दारात आला तेव्हा होयबा जिन्यात आडवा. "चार महिन्यांचं भाडं?"

"काका, तुम्हीच हो म्हणालात!"

"कुठे?"

"खुर्चीत!"

"खुर्चीतलं धरायचं नसतं. गल्लीत कुणालाही विचारा."

मास्तर रडवेले होऊन माझ्याकडे वळले. "आजोबा, तुम्ही होतात ना बाकावर?"

"होतो की. पण बाळा, परवा खुर्चीत तो मला साठीचासुद्धा धरायला तयार नव्हता."

मला मात्र चैन पडेना. खुर्चीतला शब्द खरंच कुणी कधी धरलाच नसेल? माझ्या पोटात काही राहत नाही, हे आता तुम्हाला कळलंच असेल. मागच्या दाराने जाऊन होयबाच्या बायकोला, म्हणजे वहिनींना, सगळं सांगितलं. त्या ओल्या हातांनीच बाहेर आल्या.

"अहो, खुर्चीतलं धरायचं नसतं?"

"नसतं."

"मग माझ्या बाबांनी तुम्हाला मुलगी देतो म्हटलं ते कुठे? याच खुर्चीत! अर्धी दाढी झालेली, गळ्यावर तुमचा वस्तरा. तेही नाही ना धरायचं? भरू माझी बॅग? टेम्पो उभाच आहे."

मी भिंतीकडे तोंड करून हसून घेतलं. होयबाने एकदा खुर्चीकडे पाहिलं. मग जिना चढून वर गेला, मागोमाग मीही.

"मास्तर, कपाटाची ती बाजू मी धरतो. चार महिन्यांचं राहू द्या."

मी मुद्दाम त्याच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही रिकामे होते.